शेवट सांगायची एवढी घाई कशाला?

माननीय संपादक,

कालच्या पुरवणीत टी. किंगफिशरच्या 'व्हॉट मूव्हज द डेड' या भयकादंबरीवर जे छापलंय त्याला तुम्ही परीक्षण म्हणताय म्हणून मीही म्हणते. पुस्तक माझं निम्मं वाचून झालं होतं. आमच्याकडे सकाळी हे पेपर मोठ्याने वाचतात आणि मी पोळ्या लाटता लाटता ऐकते, तर मी "अहो थांबा, थांबा" म्हणेपर्यंत त्यातल्या आजारी मॅडेलिनला नेमकं काय झालेलं असतं ते ह्यांनी वाचूनही टाकलं, आणि वर तुमच्या परीक्षकांचंच वाक्य मला ऐकवलं, की गोष्ट तर जुनीच आहे!

जुनी आहे, मान्य. हे पुस्तक ज्यावर बेतलंय ती एडगर ॲलन पोची अशर घराण्याची भयकथा १८३९ची, वाडा शेवटी तळ्यात जातो हे ज्याला त्याला माहितीये. पण का जातो ते पो कुठे सांगतो? भिंतींवर बुरशी, वाड्याचा मालक रॉडरिक, त्याची बहीण मॅडेलिन आजारी, डॉक्टरांनी हात टेकलेले, संपलं. किंगफिशरबाईंनी २०२२ मध्ये नेमका तो 'का' धरून अख्खं पुस्तक लिहिलं आणि तुम्ही तो तिसऱ्या परिच्छेदात फुकट वाटलात, धन्यवाद.

आणि विनोद घालून अभिजात कृतीची थट्टा केली म्हणे! अहो, मूळ कथेतला रॉडरिक वाचा एकदा. त्याला चवीचं काही खाववत नाही, ठरावीकच कापड अंगाला चालतं, फुलांचा वास सहन होत नाही, तंतुवाद्य सोडून दुसरा आवाज नको (आमच्या एक आत्याबाई थेट अशाच होत्या, फक्त त्यांच्याकडे वाडा नव्हता). पोच्याच १८४४च्या एका कथेत जिवंत पुरलो म्हणून किंचाळणारा माणूस निघतो कुठे, तर बोटीतल्या अरुंद बर्थवर. हा शेवट मी सांगितला, पण त्याला पावणेदोनशेच्या वर वर्षं झालीत, तेवढी सूट द्या.

या पुस्तकातही घाण वासाच्या अळंबीवर युजिनिया पॉटर इतक्या प्रेमाने बोलते की मी एकटीच खिदळत होते, आणि पुढे तो ससा येतो, माणूस बघूनही पळत नाही, नुसता टक लावून बसतो, तिथे हसू जागच्या जागी थिजतं. या बाईला तुमचे परीक्षक 'अनावश्यक पात्र' म्हणतात. ती 'पीटर रॅबिट' लिहिणाऱ्या बिआट्रिक्स पॉटरची काल्पनिक आत्या आहे हो, आणि खऱ्या बिआट्रिक्सचा बुरशीवरचा निबंध १८९७ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्गशास्त्राच्या संस्थेत दुसऱ्याला मांडावा लागला, कारण बायकांना तिथे प्रवेशच नव्हता. आता सांगा अनावश्यक कोण ते.

जाता जाता एक. शब्दकोड्याची उत्तरं तुम्ही दुसऱ्या दिवसापर्यंत अगदी जिवापाड दडवून ठेवता, आणि गेल्या रविवारच्या कोड्याची तर अजून छापलेलीच नाहीत. आडवा ११ अडलाय माझा, तेवढं परीक्षकांना विचारून कळवा, त्यांच्या पोटात काही राहत नाही.

आपली नियमित वाचक,
डोंबिवली