प्रतिकारशक्ती कमी नाही, चुकलेली असते

संपादक महोदय,

मूत्रपिंडाच्या विकारांवरचा आपला लेख वाचला. रक्तदाब आणि मिठाबद्दलचा भाग चांगला उतरलाय, पण शेवटी सगळ्याच रुग्णांना सरसकट ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असं सांगितलंय, ते खटकलं. मूत्रपिंडाच्या दाहात, म्हणजे ग्लोमेरुलोनेफ्रायटिसमध्ये, बहुतेक वेळा ही शक्ती कमी पडलेली नसते. ती भलत्याच ठिकाणी तुटून पडलेली असते.

मी बरीच वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये लघवीचे नमुने तपासले. नमुना यंत्रात फिरवायचा आणि तळाशी बसलेल्या गाळाचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा. मुतखडा असेल तर तांबड्या पेशी गोल, धडधाकट दिसतात. दाह असला की वेड्यावाकड्या, काहींना कडेला फुगे आलेले. मधेच तांबड्या पेशी ठासून भरलेलं एखादं नळकांडं, म्हणजे मूत्रपिंडातल्या बारीक नळीत तयार झालेला साचा दिसला, की रक्त मूत्राशयातून नाही, मूत्रपिंडातूनच येतंय हे कळायचं.

एकेका मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या, केशवाहिन्यांच्या सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात; दाह होतो तो त्यांनाच. १९६८ साली पॅरिसच्या जाँ बर्जे यांनी ज्याचं वर्णन केलं त्या आयजीए नेफ्रोपॅथीत (याच दाहाच्या एका प्रकारात) प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंवर खूण करणारी प्रथिनं, गाळणीतच अडकून बसतात. इतर काही प्रकारांत अशा खुणेवर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावत येतात. त्यांच्याकडचा दारूगोळा जंतूंसाठी असतो, पण इथे जंतू नसतोच, त्यामुळे भाजून निघते ती केशवाहिनीची भिंत. मागोमाग टी पेशी आणि मॅक्रोफेज या प्रतिकारशक्तीच्या इतर पेशी. भिंत फाटली की बाहेरच्या पोकळीत पेशींचा थर साचतो आणि गाळणीला आवळत जातो. बायोप्सीत तो हुबेहूब चंद्रकोरीसारखा दिसतो, नावही ‘क्रेसेंट’च. (इतक्या वाईट गोष्टीला इतकं देखणं नाव!)

पण याच मॅक्रोफेज पेशी पुढे मेलेल्या पेशी उचलतात, डागडुजीही करतात. म्हणून सगळ्यांनाच मारून चालत नाही. स्टिरॉइड सरसकट सगळ्यांना आवरतं, तर रिटुक्सिमॅब हे औषध फक्त बी पेशींना, म्हणजे ज्यांच्यापासून प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी तयार होतात त्यांना टिपतं. रक्तवाहिन्यांच्या एका दाहात ते सायक्लोफॉस्फामाइड या जुन्या, जहाल औषधाच्या तोडीस तोड असल्याचं २०१० मध्ये दिसलं.

माझ्या नात्यातल्या एकाने असाच सल्ला वाचून स्टिरॉइडच्या गोळ्या परस्पर बंद केल्या आणि कसलीशी ‘इम्युनिटी’ पावडर सुरू केली. तीन आठवड्यांत पाय सुजून पुन्हा दवाखान्यात. स्टिरॉइड असं एकदम तोडणं मुळातच धोक्याचं असतं, ते निराळंच.

लेखाचा पुढचा भाग येणार आहे म्हणता, तर त्यात एवढं जरूर छापा: लघवी सतत फेसाळ होत असेल किंवा तपकिरी दिसत असेल, तर आधी लघवीची साधी तपासणी करून घ्यावी. मूत्रपिंडं रक्तातून बाहेर टाकतात त्या क्रिएटिनिनचं रक्तातलं प्रमाण वाढायची वाट पाहू नये, कारण मूत्रपिंडांचं जवळपास निम्मं काम थांबेपर्यंत ते पुष्कळदा नॉर्मलच येतं.

आपला,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन