आठ दिवस दोन घड्याळं घालणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

पापाच्या तिकटीजवळ तुमच्या घड्याळदुरुस्तीच्या टेबलापुढे काल उभी होते, पण घसा दाटून आला आणि "येते हं" एवढंच बोलून निघाले. बोलायचं राहिलं ते लिहून कळवते.

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, शाळेत पीटीचे सर होते. २००६ साली निवृत्त झाले तेव्हा त्यांनी पळायला शिकवलेल्या मुलींनी वर्गणी काढून त्यांना सेइकोचं कायनेटिक घड्याळ घेऊन दिलं, स्टॉपवॉचवालं. मनगट हललं की आतलं वजन फिरतं, त्यानं एवढंसं जनित्र फिरतं, वीज साठते आणि त्या विजेवर क्वार्ट्झचं मशीन चालतं. दादांना त्याचं फार अप्रूप. "मी चालतोय तोवर हे चालतंय," म्हणायचे. आणि झालंही तसंच. ते अंथरुणाला खिळले, हात हलायचा थांबला आणि काही आठवड्यांनी घड्याळही थांबलं.

तेव्हा मी ते मोठ्या काचेच्या, एसीच्या एका दुकानात नेलं. दहा मिनिटांत सेल बदलून दिला, चारशे रुपये घेतले. तो साधा सेल होता, हे मला कसं कळणार? या घड्याळात चार्ज होणारा खास सेल लागतो, अगदी पहिल्या पहिल्या घड्याळांत तर त्या जागी कपॅसिटर असायचा. साधा सेल चार्ज करायचा नसतो, आणि इथं तर हात हलेल तशी वीज त्यात ढकलली जाते. तो आतल्या आत फुटला, पाझरला, मशीन खाऊन टाकलं. तोवर दादाही गेले. मी परत गेले तर काउंटरवरच्या माणसानं मान वर न करता सांगितलं, "जुना माल आहे मॅडम, नवीन घ्या." चूक झाली, एवढा एक शब्द त्याला जड झाला. ते मी विसरणार नाही.

म्हणूनच इचलकरंजीच्या एका गृहस्थांकडे अगदी तसंच घड्याळ नऊ हजाराला विकायला आहे असं कळल्यावर माझी झोप उडाली. घ्यावं तर पुन्हा फसायची भीती, सोडावं तर तशी डायल परत कधी दिसेल? दोन ठिकाणी दाखवलं. एकजण म्हणाला भंगार आहे, दुसरा म्हणाला एक नंबर आहे. झाकण कुणीच उघडलं नाही.

तुम्ही उघडलं. डोळ्याला भिंग लावून पहिला प्रश्न विचारलात, "पुराच्या पाण्यातलं न्हाई न्हवं हे?" २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर बुडालेली किती घड्याळं पुसूनपासून विकायला आली, ते तुमच्याकडूनच ऐकलं. चावीच्या दांडीवर गंज नाही, झाकणाखालच्या रबराजवळ गाळाची रेघ नाही, हे मला भिंगातून दाखवलंत. स्टॉपवॉच चालू केलं, थांबवलं, परत शून्यावर आणलं, असं वीसेक वेळा. काटा दरवेळी बरोबर बारावर येतोय हे बघून मला घाई झाली होती. तुम्ही म्हणालात, "पोरी, आठ दिस माझ्या हातात ऱ्हाऊ दे. मग बघू."

आणि खरंच आठ दिवस तुम्ही ते घातलंत. डाव्या हातात तुमचं, उजव्या हातात हे. पहाटे रंकाळ्याला फिरायला, दिवसभर टेबलावर. नंतर काढून खणात ठेवलंत आणि कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागं पेन्सिलीनं लिहीत गेलात. ती चिठ्ठी आत्ता माझ्यासमोर आहे. "सोम. सकाळी ६, चालू. मंगळ. चालू. बुध. सेकंद काटा दोन-दोनच्या उड्या. गुरु. बंद." चार ओळी. बुधवारची ओळ दोनदा गिरवलेली.

चार्ज संपत आला की छोटा सेकंद काटा दोन-दोन सेकंदांनी उडी मारतो. आठ दिवस वापरलेलं घड्याळ एवढ्या लवकर त्या खुणेवर यायला नको होतं. मशीन निरोगी आहे, वीज साठवणारा सेल तेवढा म्हातारा झालाय, एवढा तुमचा निकाल. "तेवढे पैसे कमी करून घे, नायतर सोडून दे," म्हणालात, आणि योग्य सेल मागवून बसवलातही. घड्याळ साडेसहा हजारात मिळालं. सेलचे पैसे सोडले तर तुम्ही एका चहावर राहिलात, तोही माझ्या हट्टाखातर.

काका, कुणाला सांगितलं तर म्हणतील, त्यात काय एवढं? पण माझ्या घड्याळासाठी कुणीतरी पहाटे सहाला खण उघडून बघत होतं, लिहून ठेवत होतं. मी तुमची ना नात्यातली, ना जुनी गिऱ्हाईक. कोल्हापुरात माणूस तोंडानं रांगडा असतो हे सगळे सांगतात. हातातल्या कामाशी तो किती प्रामाणिक असतो हे मी तुमच्या टेबलावर बघितलं. अशी माणसं पेठापेठांत अजून बसलेली आहेत, जिन्याखाली, एका दिव्याच्या उजेडात, आणि आम्ही त्यांच्यासमोरून जाऊन काचेच्या दारात शिरतो. मीही शिरले होते.

दादांचं बंद घड्याळ तुम्ही सुट्या भागांसाठी मागितलं नाहीत, उलट पुसून, कागदात गुंडाळून परत दिलंत. ते कपाटात आहे. चिठ्ठी त्याच डबीत ठेवतेय.

आज सकाळी मैदानावर सातवीच्या पोरींचे चारशे मीटर लावले. पाऊस भुरभुरत होता. वरचं बटण दाबलं, आणि काटा सुटला.

तुमची,
पीटीच्या सरांची मुलगी