पिठल्याने भाकरीचा पाय खाल्ला

लीड्स, ९ ऑक्टोबर

प्रिय दिग्या,

गणपतीत तुझे दोन फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. मीटिंगमध्ये होतो ही थाप तुला पचणार नाही, म्हणून मारत नाही. तब्येत बरी, शुगर आहे तिथेच. आता ज्यासाठी बसलोय ते ऐक, आणि हसू नकोस.

सईच्या हट्टापायी उन्हाळ्यात दोन ॲक्सोलॉटल आणले. दिसायला पाल आणि मासा यांच्या मधलं, जन्मभर पाण्यातच. डोक्याच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांचे तांबडे तुरे आणि तोंड तुझ्यासारखं, कारण नसताना हसरं. मूळचे मेक्सिको शहरातल्या सोचिमिल्कोच्या कालव्यांतले. तिथे आता शोधून सापडत नाहीत, तिथल्या ५० पेसोच्या नोटेवर मात्र छापलेत. आमच्या पिवळ्याचं नाव पिठलं, पांढरीचं भाकरी.

दहा दिवसांपूर्वी सकाळी बघतो तर भाकरीचा पुढचा डावा पाय कोपरापासून गायब. पिठलं कोपऱ्यात, तसंच हसत.

राग-लोभ काही नाही रे त्यांच्यात. नजर अधू. वास आणि पाण्यातली हालचाल एवढ्यावर सगळा कारभार. नाकासमोर काही वळवळलं की झटक्यात तोंड उघडायचं, पाण्यासकट आत ओढायचं. चावून खाणं वगैरे भानगड नाही. लहान वयात तर सोबत्याचा पाय आणि गांडूळ यात त्यांना फरकच कळत नाही. त्यात पिठलं दीडपट वाढलेलं.

ते का वाढलं? माझ्यामुळे. एकेकाला चिमट्याने गांडूळ भरवायचं असतं. पहिला महिना भरवलं. मग कंटाळा आला आणि वरून मूठभर सोडायला लागलो. पिठलं सगळं फस्त करी. विकतची गांडुळं संपली तेव्हा बागेतल्या खताच्या पेटीतली लाल घातली. ती कडू असतात, भाकरी तोंडात घेऊन थुंकून टाकायची. मी म्हणायचो, नखरे! दुसऱ्या टाकीचे पैसे वाचवायला दोघांना एकत्र ठेवणाराही मीच. दुकानदार म्हणाला होता, खुशाल ठेवा, पण त्याच्यावर ढकलून काय होणार?

आता कळलं ना, तुलाच का लिहितोय? खोली नंबर १४. बोर्नव्हिटाच्या दोन बरण्या, तुझे दोन फायटर मासे. ‘एकेकटे कंटाळतात’ म्हणून रात्री मीच त्यांना एका बरणीत घातलं. सकाळचं लिहीत नाही. दोन महिने तू बोलला नाहीस, मेसमध्ये आमटीसुद्धा दुसऱ्याकरवी मागायचास. आणि मी वर म्हणालो होतो, ‘वीस रुपयांच्या माशासाठी एवढं?’ ते वाक्य दहा दिवस डोक्यातून जात नाहीये. (माझी सायकल तू न विचारता विकलीस, तो हिशोब वेगळा. तो सोडलेला नाही.)

भाकरी आता स्वयंपाकघरातल्या मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात आहे. रोज सगळं पाणी बदलतो, क्लोरीन काढून टाकलेलं घालतो. ते १६ ते १८ अंशांत ठेवायचं, म्हणून हीटरही लावत नाही. घरातले सगळे स्वेटर घालून फिरतोय. पाय परत येतो म्हणे, हाडासकट, चारही बोटांसकट. काल टॉर्च मारून पाहिलं तर जखमेच्या टोकाला तांदळाच्या कणीएवढं पांढुरकं काहीतरी आलंय. मी चिमटा पुढे केला, तिने गांडूळ गपकन ओढलं. अर्धं बाहेर लोंबत होतं, दुसऱ्या झटक्यात तेही आत. रात्री एक वाजता एकटा उभा राहून ‘शाब्बास’ म्हणालो.

सईला सांगितलंय, पाय फिल्टरमध्ये अडकला.

तुझ्या गाळ्याचं काम झालं का? वहिनींचा गुडघा? काकूंना नमस्कार, त्यांना म्हणावं मेतकूट संपलं.

रविवारी फोन कर, उचलीन. सई तुला भाकरी दाखवेल. फायटरचं तिला सांगू नकोस. निदान बोटं फुटेपर्यंत तरी.

तुझा,
पद्या