‘समर कट’ आणि गरम ड्रायरमुळे कुत्रीला झालेला उष्माघात : तक्रार पत्र

दिनांक : 3 जून 2024

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : स्पष्ट मनाई केलेली असताना कुत्रीचे केस मशीनने काढणे, मुसके बांधून गरम हवेच्या पिंजऱ्यात ठेवणे आणि त्यातून झालेला उष्माघात याबाबत.

महोदय,

25 मे रोजी, म्हणजे नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला त्याच दिवशी, मी माझी कुत्री बर्फी हिला आपल्या ग्रूमिंग सलूनच्या नागपूर शाखेत अंघोळीसाठी आणले होते. ती इंडियन स्पिट्झ आहे. (आपल्या पावतीवर ‘पॉमेरियन’ लिहिले आहे.) बुकिंग करताना अॅपमधल्या सूचनांच्या रकान्यात मी लिहिले होते : ‘अंघोळ, आतली लव विंचरून काढणे, नखे कापणे. मशीन लावू नये.’ त्या नोंदीचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. ऊन चढायच्या आत घरी परतता यावे म्हणून सकाळी आठची वेळ मुद्दाम घेतली होती. ‘तुम्ही जा, झालं की फोन करतो,’ असे काउंटरवर सांगण्यात आले. फोन आला तो दुपारी एकनंतर.

मी पोहोचले तेव्हा बर्फीच्या अंगावर केस उरलेच नव्हते. खालची गुलाबी कातडी दिसत होती आणि पोटाजवळ मशीन घासल्याचे लाल चट्टे उठले होते. मागच्या पत्र्याच्या खोलीत, दाराला ड्रायर जोडलेल्या स्टीलच्या पिंजऱ्यात तिला ठेवले होते आणि ड्रायर चालू होता. तोंडाला नायलॉनचे मुसके होते. पाण्याची वाटी नव्हती. विचारले तर आपला कर्मचारी म्हणाला, ‘पाणी दिलं की सांडतात मॅडम, वाळवलेलं परत ओलं होतं.’ कूलर होता, पण तो बाहेर, ग्राहकांच्या सोफ्यासमोर.

मुसके काढल्याबरोबर तिची जीभ लांब बाहेर आली. ती गडद लाल झाली होती आणि लाळ चिकट, तारेसारखी लोंबत होती. उभी केली तर मागचे पाय लटपटत होते. कर्मचाऱ्याने तिच्यावर ओला टॉवेल टाकला. तसा पांघरलेला टॉवेल थोड्याच वेळात गरम होतो आणि उष्णता आतच कोंडते. मी तो काढून नळाच्या पाण्याने तिचे अंग भिजवत राहिले आणि तिला ओढत कूलरसमोर आणले. त्यानंतर आम्ही पशुवैद्यांकडे गेलो. तिथे पोहोचल्यावरही ताप 105.6 अंश फॅरेनहाइट भरला. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण 101 ते 102.5 असते. सलाईन लावावे लागले आणि रात्रभर दवाखान्यात ठेवावे लागले. डॉक्टरांच्या कागदावर ‘उष्माघात’ असे स्पष्ट लिहिलेले आहे.

आपल्या जाहिरातीत ‘उन्हाळ्यात तुमच्या लाडक्याला गारवा, समर कट’ असे छापलेले आहे. माझी मुख्य तक्रार याच वाक्याबद्दल आहे. स्पिट्झ, हस्की, जर्मन शेफर्ड, लॅब्रेडॉर अशा कुत्र्यांना केसांचे दोन थर असतात : वर राठ केस, खाली दाट लव. उन्हाळा लागला की लव आपोआप गळू लागते. ती विंचरून काढली, जटा सोडवल्या, की केसांतून वारा खेळतो. वरचे केस मात्र ऊन थेट कातडीवर पडू देत नाहीत. ते काढून टाकले की कातडी भाजते, आणि स्पिट्झसारख्या जातींत ते पुन्हा येताना महिनोन्‌महिने लागतात, कधी ठिकठिकाणी येतच नाहीत. शिह त्झू किंवा पूडलचे केस सतत वाढतात, ते आखूड कापायला हरकत नाही. पण सगळ्यांना एकच मशीन लावणे याला ग्रूमिंग म्हणत नाहीत.

ड्रायरचे तर त्याहून गंभीर आहे. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, येतो तो पंजांच्या गाद्यांना, तोही नावापुरता. अंगातली उष्णता तो मुख्यतः धापा टाकूनच बाहेर काढतो. तोंड उघडे, जीभ बाहेर, ओलावा उडून जातो आणि शरीर निवते. तुम्ही तोंड बांधलेत आणि भोवतीची हवा तापवलीत, म्हणजे निवण्याचे तिचे दोन्ही मार्ग बंद केलेत. आणि नागपुरात, मे महिन्यात! दोरीवरची ओली चादर जिथे बघता बघता कडक होते, तिथे कुत्र्याला वाळवायला गरम हवा लागतेच कशाला? टॉवेल आणि पंखा पुरतो.

त्याच खोलीत शेजारच्या पिंजऱ्यात एक पग होता, तोही वाट बघत. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना मुळातच धाप नीट टाकता येत नाही. त्याच्या मालकांना तो कुठे ठेवला होता हे ठाऊक आहे का, हा प्रश्न मला अजून छळतो आहे.

या सगळ्यावर आपल्या कार्यालयाकडून मला काय मिळाले? ‘केस पुन्हा येतील, काळजी नसावी’ असा संदेश आणि पुढच्या समर कटवर 500 रुपयांची सूट. हा संदेश वाचून मला रडू आले. ज्या गोष्टीने बर्फी मरता मरता वाचली, तीच पुन्हा करून घ्या असे आपण सांगत आहात.

मला पावतीची पूर्ण रक्कम आणि दवाखान्याचा खर्च परत हवा आहे. पण तेवढ्यावर माझे समाधान होणार नाही. दुहेरी केसांच्या जातींसाठी ‘समर कट’ची जाहिरात आपण सर्व ठिकाणांहून काढावी. मशीन लावण्यापूर्वी मालकाची लेखी संमती घेतली जावी. पिंजऱ्याचे गरम ड्रायर उन्हाळ्यात पूर्ण बंद असावेत, धापा टाकणाऱ्या कुत्र्याला मुसके बांधू नये, प्रत्येक पिंजऱ्यात पाणी असावे आणि मागच्या खोलीतही कूलर लागावा. कर्मचाऱ्यांना उष्माघाताची लक्षणे ओळखायला शिकवा. तो मुलगा वाईट नव्हता, घाबरला होता. त्याला कुणी काही सांगितलेलेच नव्हते, आणि ही जबाबदारी त्याची नव्हे, आपली आहे.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्ही मुद्द्यांवर मी नागपूर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध अधिनियम, 1960 च्या कलम 11 खालीही दाद मागीन.

बर्फी आता जेवते आहे, पण दुपारी तिला बाहेर काढता येत नाही. अंगणात ऊन असले की आम्ही तिला सुती बनियन घालतो. पोटावरच्या चट्ट्यांना दिवसातून दोनदा मलम लावावे लागते. डॉक्टरांनी तिला पावसाळाभर तपासणीसाठी बोलावले आहे. त्या तपासण्यांचा खर्चही माझ्या मागणीत धरावा.

आपली,
एक ग्राहक, नागपूर

सोबत : पावतीची प्रत, बुकिंगमधील सूचनेचा स्क्रीनशॉट, पशुवैद्यांचे प्रमाणपत्र व बिले, बर्फीची त्या दिवशीची छायाचित्रे