गळतीची तक्रार मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
सोसायटी व्यवस्थापन समिती

विषय: वरच्या मजल्यावरील सभासदांविरुद्धची माझी तक्रार चुकीची असल्याची नोंद करण्याबाबत.

महोदय,
स.न.वि.वि.

आमच्या बाथरूमच्या छताला ओल धरली तेव्हा 'वरच्या फ्लॅटमधून पाणी गळतं' असं मी आपल्याला लेखी कळवलं. ओल खरी होती, बाकीचा माझा अंदाज होता. समितीने वरच्या काकूंना नोटीस काढली, ती फलकावर लागली, ग्रुपवर फिरली. त्यांच्या बाथरूमच्या फरश्या उखडून नव्याने वॉटरप्रूफिंग झालं. आमच्याकडचे पोपडे मात्र पडतच राहिले.

परवा प्लंबरने गच्चीवर जाऊन डक्टमधल्या सांडपाण्याच्या पाइपात रंग घातलेलं पाणी ओतलं. काही वेळाने माझ्या छतावरच्या डागाला गुलाबी कड आली. पाइपाचा सांधा सुटलाय. तिथलं पाणी स्लॅबमधून सरकत येतं आणि वाट मिळेल तिथे उतरतं. डाग दिसतो त्याच्या बरोबर वरच गळती असेल असं नसतं. म्हणजे दोष सोसायटीच्या पाइपाचा, त्यात माझाही हिस्सा आला.

हे मला आधीच कळायला हवं होतं. मध्ये काकू पंधरा दिवस लेकीकडे होत्या, घरातला मुख्य कॉक बंद करून. तरी डाग ओलाच. मी स्टुलावर चढून बोटाने दाबूनही पाहिला, भिजलेला चुना बोटाला लागला. 'आधीचंच पाणी झिरपत असेल' म्हणालो आणि खाली उतरलो.

त्याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे, सचिवांनी 'वरून पाण्याचा आवाज कधी येतो?' असं विचारल्यावर मी 'रात्री उशिरा' असं छातीठोकपणे सांगितलं. आज विचार केला तर असा आवाज मी ऐकला होता का, हेच सांगता येत नाही. मुलीच्या मानसशास्त्राच्या पुस्तकात लॉफ्टस आणि पामर यांचा १९७४ सालचा प्रयोग आहे. अपघाताची फिल्म दाखवून गाड्या 'धडकल्या' ऐवजी 'जोरात आदळल्या' असा शब्द प्रश्नात घातला, तर लोक वेग जास्त सांगत. आठवड्याने काहींना फिल्ममध्ये नसलेल्या फुटक्या काचाही आठवल्या. माझा रात्रीचा आवाज त्यातलाच.

काकू भांडल्या नाहीत, ती मी कबुली समजलो. लिफ्टमध्ये भेटल्या की 'थांबलं का हो पाणी?' एवढंच विचारायच्या. मला ते ढोंग वाटायचं. काल माफी मागायला गेलो तेव्हा कळलं, दोन महिने त्या अर्ध्या बादलीत अंघोळ उरकत होत्या आणि लगेच फरशी पुसून घेत होत्या. नव्या फरशीवर अजूनही फडकं अंथरलेलं होतं.

तेव्हा माझी तक्रार चुकीची होती असं पुढच्या सभेच्या इतिवृत्तात यावं. ती नोटीस जितके दिवस फलकावर होती तितके दिवस हे पत्र तिथेच लावावं; ग्रुपवर मी आजच टाकतो. काकूंच्या फरशांच्या खर्चात माझा वाटा धरावा. आणि रागावू नका, पण नोटिशीवर सही करण्याआधी आपणही वर जाऊन बाथरूम पाहिलं नव्हतं. यापुढे आधी प्लंबर पाठवावा, मग नोटीस.

डक्टमधला सांधा अजून तसाच आहे. तो या आठवड्यात दुरुस्त करून घ्यावा. काकूंनी पुन्हा लिफ्टमध्ये विचारलं तर मला 'थांबलं' म्हणता आलं पाहिजे.

आपला नम्र,
खालच्या मजल्यावरचा सभासद