झोप आणणाऱ्या गोळ्या आणि छातीतली धडधड: अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
अन्न व औषध प्रशासन, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

मी परळमध्ये फॅमिली डॉक्टर आहे. पावसाळ्यात सर्दी आणि अंगाची खाज घेऊन माणसं आधी केमिस्टकडे जातात, डॉक्टरकडे नंतर. मध्यंतरी सत्तरीच्या एक आजी छातीत धडधडतं म्हणून आल्या. नाडी १२०च्या घरात, तोंड कोरडं ठाक. बटव्यात गोळ्यांच्या पट्टीचा कापलेला तुकडा, त्यावर नावातली शेवटची तीन अक्षरं उरलेली. "सर्दीची आहे, झोप छान लागते," एवढंच त्यांना ठाऊक.

झोप लागते म्हणजे हृदयालाही आराम, असा लोकांचा पक्का समज आहे. होतं उलटंच. सर्दी-खाजेच्या अशा गोळ्यांतली क्लोरफेनिरामिन, प्रोमेथाझिन यांसारखी जुनी ॲलर्जीविरोधी औषधं ॲलर्जीबरोबर ॲसिटिलकोलीन या, नसांचे निरोप पोचवणाऱ्या रसायनाचं कामही अडवतात. मेंदूकडून हृदयाकडे येणारी व्हेगस नर्व्ह ही नस याच रसायनाकरवी ठोक्यांना लगाम घालते. तो सैल पडला की ठोके वाढतात. धडधाकट माणसाला एखाद्या गोळीने सहसा काही होत नाही, उगाच कुणाला घाबरवायचं नाही मला. पण उतारवय, आधीचा हृदयविकार आणि त्याच गोळीत रक्तदाब चढवणारं फेनिलेफ्रिन, हे सगळं जुळून आलं की काळजीच.

खाजेवर दिली जाणारी हायड्रॉक्सिझिन तर ईसीजीतला क्यूटी काळ, म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला विजेच्या दृष्टीने पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ, लांबवू शकते. क्वचित त्यातून लय बिघडून जिवावर बेततं. युरोपात २०१५ मध्ये तिची कमाल मात्रा दिवसाला १०० मिलिग्रॅमवर आणली. वृद्धांना शक्यतो नकोच, द्यावीच लागली तर ५०. इथे तिच्या जोडीला ॲझिथ्रोमायसिन दिलेलं मी पाहतो, आणि तेही क्यूटी लांबवणारंच.

डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेणं धोक्याचं, हा इशारा औषध नियमांतल्या अनुसूची 'जी' या यादीमधल्या औषधांवर, म्हणजे या जुन्या ॲलर्जीच्या गोळ्यांवरही, छापावाच लागतो. तो असतो इंग्रजीत, बारीक टायपात, आणि कात्री लागली की केमिस्टच्या ड्रॉवरमध्येच राहतो.

वेष्टनाचे नियम केंद्राचे, हे मी जाणतो. दुकानांचे परवाने मात्र आपल्या खात्याचे. सुट्या गोळ्यांच्या पाकिटावर औषधाचं नाव, मात्रा आणि 'हृदयविकार, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असल्यास आधी डॉक्टरांना विचारा' असा मराठी शिक्का सक्तीचा करा. "हृदयाच्या गोळ्या चालू आहेत का?" हे फार्मासिस्टने स्वतः विचारलं पाहिजे. त्यासाठी तो दुकानात हवा. आपले निरीक्षक रात्री आठनंतर लालबाग ते शिवडी एकदा फिरले, तर काउंटरमागे कोण उभं असतं ते त्यांना दिसेल.

आपला,
परळमधला एक डॉक्टर