रक्ताचे पाट कुणी पाहिले?

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला युद्धकवितेवरचा लेख वाचला. रागाच्या भरात लिहू नये म्हणून सोमवारी पुन्हा वाचला. राग तसाच आहे, म्हणून लिहितो.

लेखकमहाशय म्हणतात, पहिल्या महायुद्धातल्या इंग्रज कवींनी रडगाणी लिहिली, तसली कविता जवानांचं मनोधैर्य खचवते आणि आपल्या मातीत ती कधी नव्हतीच. वा! त्या कवींतला विल्फ्रेड ओवेन घरी बसून रडत नव्हता हो. युद्धाने मन कोलमडलं म्हणून १९१७ साली इस्पितळात होता, तिथून पुन्हा आघाडीवर गेला, पदक मिळवलं आणि ४ नोव्हेंबर १९१८ ला, युद्ध थांबायला आठवडा उरला असताना, मारला गेला. विषारी वायूने गुदमरलेल्या सोबत्याच्या घशातून गुळगुळत वर येणारं रक्त त्याने कवितेत लिहिलं. लेखकाला ते सोसत नसेल तर तो दोष कवितेचा नव्हे.

आमचे आप्पा मराठा लाइट इन्फंट्रीच्या जंगी पलटणीत होते. १९७१ च्या युद्धात, डिसेंबरात, आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला. जमालपूर म्हटलं की पाकिस्तानी कर्नलने, शरण या म्हणणाऱ्या आपल्या फौजेच्या पत्राला उत्तर म्हणून, पाठवलेल्या बंदुकीच्या गोळीची गोष्ट सगळे रंगवून सांगतात. आप्पांनी ती कधीच सांगितली नाही. १९९९ ला, कारगिलच्या वर्षी, मी शिकवत होतो त्या शाळेत पंधरा ऑगस्टला त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं. एका पोराने हातवारे करून कविता म्हटली. तीत रक्ताचे पाट वाहिले, जवान हसत हसत मेला. आप्पांनी टाळ्या वाजवल्या, पोराला दहा रुपये दिले. स्कूटरवरून परत येताना मागून म्हणाले, "पाट उसाला वाहतंय गा. रक्त कुठलं वाहतंय? चिकटतंय. माश्या बसतात."

बस्स, एवढंच. पुढे यळ्ळूरपर्यंत बोलले नाहीत.

सुगीत भात कापून पेंढ्या शेतात इकडेतिकडे पडलेल्या दिसल्या की मात्र चिडायचे. "एका जागी लावा रे, अशा पडलेल्या बऱ्या दिसत नाहीत." पाऊस नाही, ढग नाही, मग घाई कसली, हे आम्हाला कळायचं नाही. आईला कळत असावं. ती मुकाट्याने उठून पेंढ्या गोळा करायची.

आणि 'आपल्या मातीत नव्हतं' म्हणता? आजीचा चुलता पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कूतच्या वेढ्यात होता, १९१५-१६ ला. १४७ दिवसांचा वेढा, शेवटी घोडे कापायची पाळी. तो परत आला नाही. आजी जात्यावर त्याच्या नावाने ओवी म्हणायची, तीत शौर्याचा शब्द नव्हता. त्याचं ताट कुणी वाढून घ्यायचं नाही, एवढंच होतं. लेखकमहाशयांनी एकदा बेळगावातल्या मराठा सेंटरच्या, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या प्रशिक्षण केंद्राच्या, आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या बायकांकडे बसावं. चहाचा खर्च मी करतो.

जाता जाता, त्याच पानावर हुतात्मा जवानाला श्रद्धांजलीची जाहिरात आहे. जवानाचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा, खाली पुढाऱ्यांचे अकरा, सगळे हसरे. मी मोजले. जाहिरातीचे पैसे तुम्हाला लागतात, मान्य. निदान त्या जवानाचं नाव तरी शुद्ध छापायचं होतं.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
यळ्ळूर, ता. जि. बेळगाव